हे कुणी पाहिलं, कुठून पाहिलं?

मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा टीव्हीवर ढगांचा तो पांढरा भोवरा सगळ्यांनी पाहिला. तो कुणी टिपला, कुठे उभं राहून, हे कुणी विचारलं नाही. वरून आलेलं चित्र म्हणजे खरंच असणार, असं आपण धरून चालतो. डोना हॅरवे या स्त्रीवादी अभ्यासक बाईंनी १९८८ साली नेमकी ही सवय धरली. कुठेच उभं न राहता सगळं पाहिल्याचा दावा म्हणजे देवाचा आव, असं त्यांचं म्हणणं. माणसाला जे कळतं ते कुठल्यातरी जागेवरून कळतं.

सोफी डायर आणि साशा एंगेलमन यांच्या ‘ओपन-वेदर’ या प्रकल्पाने हा विचार थेट हातात दिला. उपग्रहाचं चित्र स्वतः घ्यायला लागतं काय? प्रत्येकी सुमारे ५३ सेंटिमीटरच्या दोन दांड्यांचा अँटेना, लॅपटॉपला लावायचा छोटा रेडिओ. अमेरिकेचे नोआ हवामान उपग्रह साधारण साडेआठशे किलोमीटरवरून जाताना १३७ मेगाहर्ट्झवर चित्र पाठवत. ते आधी ऐकू येई: टिकटिक ठेका, सेकंदाला दोन ओळी. ते उपग्रह २०२५ मध्ये बंद झाले. रशियाचे मीटिओर अजून चित्रं पाठवतात.

असं चित्र ते घेणाऱ्याची जागा लपवत नाही. गोव्यातल्या मोरजीच्या वाळूत उभं राहून नोआचं चित्र घेतलं, तर पश्चिमेच्या मोकळ्या समुद्रावरून उपग्रह जाताना ओळी स्वच्छ उतरत. उपग्रह दक्षिणेला क्षितिजालगत गेला, की शापोऱ्याचा डोंगर आड येऊन तेवढ्या ओळींत खरखर भरे. ती खरखर पुसू नये. चित्र कुठून घेतलं, हे तीच सांगते.

शिवाय नोआच्या चित्रातला एक ठिपका सुमारे चार किलोमीटरचा. मोरजीचा किनारा जेमतेम एका ठिपक्यात मावतो. तिथल्या तेंबवाड्यावर कासवीण अंडी घालायला कधी वर आली, वाळू किती तापली, हे त्यात नाही. आणि पिल्लं नर होणार की मादी, हे तर त्या वाळूच्या उष्णतेवरच ठरतं. ते पायाखालची वाळू रोज पाहणाऱ्यालाच कळतं. वारा फिरला हे मासळी सुकवणाऱ्या बाईला आधी कळतं, पण तिच्या सांगण्याला ‘अंदाज’ म्हणतात आणि यंत्राच्या सांगण्याला ‘नोंद’. स्त्रीवादी विज्ञानाचा आक्षेप या उतरंडीला आहे, यंत्राला नाही.

म्हणून दोन्ही एकाच वहीत यावं: उपग्रहाचं चित्र आणि त्याच वेळी तिथे उभ्या असलेल्या बाईने लिहिलेलं वाऱ्याचं, उकाड्याचं वर्णन, खाली तारीख, वेळ, जागा, नाव. नाव असलं की जबाबदारी येते, शंका विचारता येते, शेजारच्या गावच्या नोंदीशी ताडता येतं. विज्ञान याहून वेगळं काय मागतं?