श्वास मोजताना शेजारी कोण?

रांजणगाव एमआयडीसीला खेटून असलेल्या कारेगावात भाड्याच्या खोल्यांच्या रांगाच रांगा आहेत. कुणी मराठवाड्यातून आलेलं, कुणी बिहारमधून. बाळंतपण गावी उरकून महिन्याभराचं बाळ घेऊन परतणाऱ्याही अनेक. इथल्या आशाताईचं काम बाळ कुठल्या खोलीत आहे, हे शोधण्यापासून सुरू होतं. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे तिनं ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जायचं असतं.

नवजात बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त भरला, तर धोका. प्रशिक्षणात हे पाच मिनिटांत पाठ होतं. पण रडतं बाळ शांत होईपर्यंत थांबायचं, दुपटं बाजूला करून पूर्ण मिनिटभर पोटाची हालचाल बघायची, आकडा जास्त आला तर पुन्हा मोजायचं, आणि तोवर सासूबाईंच्या शंकांना, तेही हिंदीत, उत्तरं द्यायची! प्रशिक्षणातली बाहुली श्वास घेत नाही आणि तिला सासूही नसते.

गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेच्या डॉ. अभय आणि राणी बंग यांनी ३९ गावांतल्या बायकांना घरोघरी नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलेला हा आकडा सगळे सांगतात. दर पंधरा दिवसांनी एक डॉक्टर गावात येई, त्या बाईचं काम तपासून चुका सुधारे, पण उपचार तिच्याच हातात ठेवी, हे मात्र कमी सांगितलं जातं. २०११ मध्ये याच कामाची देशभर योजना झाली. भेटींचे दिवस, फॉर्म, पिशवीतलं सामान सगळं आलं. शेजारी उभं राहणारं माणूस मात्र विरळ होत गेलं.

तसं माणूस आहे: आशाताईंच्या कामावर देखरेख करणारी गटप्रवर्तक. पण तिच्याकडून मागतात ते आकडे. म्हणून तीही आशाताईकडून आकडेच मागते. मासिक सभेत फॉर्म भरलाय का, हे विचारतात. बाळाची छाती आत ओढली जात होती का, हे क्वचितच. माझ्या मते दोष तिचा नाही, तिला जे मोजायला लावलं त्याचा आहे.

कारेगाव ज्यात येतं, त्या शिरूर तालुक्याला असं काम नवं नाही. याच तालुक्यात वढूला डॉ. बानू कोयाजींनी पुण्याच्या केईएम रुग्णालयामार्फत १९७० च्या दशकात गावातल्याच माणसांना आरोग्याच्या कामात उभं केलं होतं.

तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी एवढंच करावं: गटप्रवर्तकेनं महिन्यातून एकदा प्रत्येक आशाताईबरोबर एका बाळाच्या घरी जावं, श्वास दोघींनी मोजावा, आकडे जुळवावेत. फॉर्म नंतर भरता येईल.