वर्गणीचा प्रश्न

दिल्लीच्या जुन्या रेल्वेस्थानकासमोर १९५१ साली युनेस्कोच्या साहाय्याने सार्वजनिक ग्रंथालय उघडले, ते वाचकाकडून वर्गणी न घेता. अशा ग्रंथालयांचा पुरस्कार करणाऱ्या ग्रंथपालांच्या संघांत मात्र वर्गणीवाचून प्रवेश नाही. ही विसंगती म्हणावी काय?

आम्ही कारकून माणसे. तिकिटावाचून टपाल हलत नाही, हे आम्ही जाणतो. १९२८ साली स्थापन झालेल्या मद्रास ग्रंथालय संघाने रंगनाथनांच्या पुढाकाराने वीस वर्षे खटपट केली, तेव्हा कोठे १९४८ चा कायदा झाला व घरपट्टीवरील उपकरातून ग्रंथालयांची सोय झाली. वर्गणी थोड्यांनी भरली; फळ मात्र न भरणाऱ्यांच्याही पदरी पडले. अशा वर्गणीस आम्ही नावे ठेवणार नाही.

परंतु ज्ञानच सभासदांपुरते राखले तर? आमच्या वसाहतीतील मराठी वाचनालयाची ग्रंथसूची नीट लावावी, म्हणून आम्ही एका संघाकडे त्याची मार्गदर्शक पुस्तिका मागितली. उत्तर आले, आधी सभासद व्हा. झालो. पुस्तिका उत्तम आहे, हे कबूल केलेच पाहिजे. ती आम्ही वाचनालयाच्या मेजावर सर्वांसाठी ठेवली आहे. तसे करण्यास मनाई असल्याचे तिच्या पहिल्याच पानावर छापले आहे.