साखळी नको, पाठ फिरवणेही नको



संत मार्कच्या शुभवर्तमानात गरसेकरांच्या प्रदेशातील एका दुःखी माणसाची हकीकत आहे (मार्क 5:1-20). सामान्य काळाच्या चौथ्या सोमवारी ती मिस्सामध्ये वाचली जाते, म्हणून केवळ रविवारी देवळात येणाऱ्यांच्या कानी ती फारशी पडत नाही. हा माणूस थडग्यांमध्ये राहत असे, रात्रंदिवस ओरडत असे आणि दगडांनी स्वतःचे अंग ठेचून घेत असे. लोकांना दोनच उपाय ठाऊक होते. त्यांनी त्याला साखळदंडांनी बांधले आणि साखळ्या तुटल्या तेव्हा थडग्यांत सोडून दिले.

स्वतःला इजा करून घेणारी माणसे आजही घराघरांत आहेत. त्यांच्यापैकी काहींना 'बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर' नावाचा मानसिक आजार असतो. 'आपले माणूस आपल्याला सोडून जाईल' ही भीती त्यांचा जीव पोखरत असते. सकाळी "आई, तुझ्यासारखी कोणीच नाही" म्हणणारी मुलगी संध्याकाळी "तू माझी वैरीण आहेस" म्हणते. विरार लोकल उशिरा आली म्हणून नवरा अर्धा तास उशिरा घरी पोहोचतो, तेवढ्यात बायकोच्या मनात जग बुडालेले असते. मग आरडाओरडा, वस्तूंची फेकाफेक, कधी हातावर ब्लेडचे वार. वादळ ओसरले की तीच व्यक्ती लाजेने कोपऱ्यात रडत बसते. अर्थात, प्रत्येक रागीट माणसाला हा आजार नसतो. निदान मानसोपचारतज्ज्ञानेच करायचे असते.

येथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. शुभवर्तमानात त्या माणसाला भुते लागली होती असे सांगितले आहे, म्हणून आपल्या घरातील आजारी माणसाला कोणी भूतबाधा झाली असे म्हणू नये. आजार, विशेषतः मानसिक आजार, हा वैद्यकशास्त्राचा विषय आहे असे ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथच सांगतो (परिच्छेद 1673). 'आईबापांनी संस्कार दिले नाहीत' हा शेराही नको. काहींच्या भावना जन्मतःच फार तीव्र असतात. बालपणीचे घाव किंवा वेदनेची सतत झालेली हेटाळणी त्यात भर घालू शकते. परंतु कित्येक घरांत आईवडिलांनी जिवापाड प्रेम केलेले असते, तरीही आजार येतो.

या आजारावर ज्यांनी उपचारपद्धती शोधली त्या अमेरिकेतील मार्शा लिनहान कॅथलिक घरात वाढल्या. 1961 साली, वयाच्या सतराव्या वर्षी, त्यांना हार्टफर्ड येथील मनोरुग्णालयात ठेवावे लागले. त्या स्वतःला कापून घेत, चटके देत, भिंतीवर डोके आपटत. दोन वर्षांहून अधिक काळ त्या तेथे होत्या. पुढे 1967 साली शिकागोतील एका चॅपेलमध्ये क्रुसासमोर गुडघे टेकून प्रार्थना करीत असताना, आपण प्रेमास पात्र आहोत याचा त्यांना गाढ अनुभव आला. त्या कृपेने त्यांना उभे केले, पण दुःख एका रात्रीत सरले नाही. त्या शिकल्या, मानसशास्त्रज्ञ झाल्या आणि 'डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी' ही पद्धती त्यांनी उभारली. आपली कहाणी त्यांनी 2011 साली जाहीरपणे सांगितली. प्रार्थना आणि उपचार एकमेकांचे वैरी नाहीत, हे त्यांच्या आयुष्यातून दिसते.

त्यांच्या पद्धतीचे सार दोन गोष्टींत आहे: माणूस जसा आहे तसा स्वीकारायचा आणि त्याला बदलायला मदतही करायची. एकीसाठी दुसरी सोडायची नाही. गरसेकरांच्या प्रदेशात प्रभू येशूने हेच केले. त्याने त्या माणसाला बांधले नाही, त्याच्यापासून तो पळालाही नाही. त्याने त्याला नाव विचारले. आपणही आधी वेदनेची दखल घ्यावी. "एवढ्याशा गोष्टीवरून काय तमाशा!" असे म्हणण्याऐवजी "मी वेळेवर आलो नाही, तेव्हा तू घाबरलीस ना?" असे म्हणावे. भीती खरी मानली म्हणजे आरोप खरा मानला असे होत नाही. समजावणे, चूक-बरोबर ठरवणे हे डोके शांत झाल्यावर.

आता हकीकतीचा शेवट पाहा. बरा झालेला माणूस येशूबरोबर मचव्यातून येऊ द्यावे म्हणून विनवणी करतो आणि येशू चक्क नकार देतो! पण तो त्याला वाऱ्यावर सोडत नाही. त्याला त्याच्या घरी, त्याच्या माणसांकडे पाठवतो आणि एक कामही सोपवतो. प्रेमाच्या तोंडीही 'नाही' हा शब्द असू शकतो. "तू मारहाण केलीस तर मी या खोलीत थांबणार नाही. अर्ध्या तासाने परत येईन, मग बोलू," असे शांतपणे सांगावे आणि अर्ध्या तासाने खरोखर परत यावे. सोडून जाण्याची भीती ज्याला खाते आहे, त्याला परत येणारी पावले औषधासारखी असतात. आज नाही म्हणून उद्या दमून होकार दिला, तर मात्र वादळ वाढवले की मागितलेले मिळते, एवढेच तो शिकतो.

जीव देण्याची भाषा ऐकली तर 'नाटक' म्हणून ती सोडून देऊ नका. थेट विचारा. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही. औषधे, कीटकनाशके, धारदार वस्तू दूर ठेवा, माणसाला एकटे सोडू नका आणि त्याला डॉक्टरांकडे न्या. सरकारची 'टेली मानस' ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास मिळते, मराठीतही बोलता येते.

आणि सांभाळणाऱ्यांनो, तुमचेही शरीर मातीचेच आहे. तुम्ही झोपा, जेवा, मन मोकळे करायला कोणीतरी शोधा, समुपदेशकाकडे जायला संकोचू नका. तुम्ही तारणारे नाही. तारणारा एकच आहे. धीरही सोडू नका. योग्य उपचारांनी, काही वर्षांच्या काळात, यांपैकी बहुतेकांची लक्षणे पुष्कळ कमी होतात.

उरलो आपण शेजारी. तो माणूस शुद्धीवर येऊन वस्त्रे नेसून बसलेला पाहिला, तेव्हा गावकऱ्यांना आनंद झाला नाही, ते घाबरले. अशा घरातून रात्री आवाज आला तर सकाळी विहिरीवर किंवा देवळाच्या पायरीवर त्याची चर्चा नको. दुपारी डबा घेऊन जा. "तुम्ही दोन तास बाहेर जाऊन या, मी बसतो/बसते" एवढे म्हणा. त्या आईला तेवढ्याने किती बळ येईल!

प्रभू येशू, ज्यांचे मन त्यांनाच दगडांनी ठेचते त्यांना तू नावाने हाक मार. त्यांच्या घरच्यांना न सुटणारा हात दे, आणि आम्हा शेजाऱ्यांना न घाबरणारे मन दे. आमेन.