सरखेलीची वाटणी
1679 साली थळसमोरच्या खांदेरीवर इंग्रजांशी झुंजणारे दौलतखान आणि मायनाक भंडारी हे शिवाजी महाराजांचे चाकर होते. गलबते स्वराज्याची, हुकूम छत्रपतींचा. राजाराम महाराजांच्या काळात हे टिकणे कठीण होते. मोगलांशी झुंजताना खजिना आटला, आणि ज्याने किल्ला राखला त्याच्याच हाती तो राहू लागला. कान्होजी आंग्रे याच धामधुमीत पुढे आले. वडील तुकोजी सुवर्णदुर्गावर चाकरीला होते, त्याचा आधार मिळाला असणार. पण 1698 ची सरखेली, म्हणजे आरमाराचे प्रमुखपद, कान्होजींनी स्वतःच्या कर्तबगारीवर मिळवली. खरे वळण आले ते 1713 मध्ये. बाळाजी विश्वनाथांनी त्यांना शाहू महाराजांच्या बाजूला आणले आणि किल्ले व मुलूख त्यांच्याकडे कायम झाले. आरमार त्याच मुलखाच्या वसुलावर पोसले जाऊ लागले. राज्याचे पद घराच्या मिळकतीत जमा झाले ते इथे.

मिळकत म्हटली की वाटणी आलीच. 1729 मध्ये कान्होजी वारले, 1733 मध्ये थोरले सेखोजीही गेले आणि भाऊबंदकी सुरू झाली. 1735 मध्ये बाजीरावांनी निवाडा केला: संभाजी आंग्र्यांना सरखेली आणि दक्षिणेचे किल्ले, मानाजींना कुलाबा आणि 'वजारतमाब' हा किताब. शेताच्या मधोमध बांध घालावा तसे आरमार दुभागले. यावर कोणी म्हणेल, मुले काही नालायक नव्हती. अगदी खरे. त्याच वर्षी संभाजींनी इंग्रजांचे 'डर्बी' हे मोठे जहाज पकडले. त्यांच्यामागून सरखेल झालेले भाऊ तुळाजी यांचा दरारा तर त्याहून मोठा. कोळी-भंडाऱ्यांची पोरेही दर्या घरातच शिकतात, तेव्हा घराण्याला दोष देण्यात अर्थ नाही. दोष आहे तो न जुमानणाऱ्या सरखेलाला एका हुकमाने बाजूला करता येत नव्हते, याचा. पेशवे नानासाहेबांनी तुळाजींविरुद्ध इंग्रजांना बोलावले ही त्यांची घोडचूक म्हणतात, आणि ती होतीच. पण पेशव्याला आपल्याच राज्याच्या सरखेलाविरुद्ध मोहीम काढावी लागते, हे मला त्या चुकीपेक्षा अधिक बोचते. फेब्रुवारी 1756 मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात तुळाजींचे आरमार जळाले.

ते जाळणारा ॲडमिरल चार्ल्स वॉटसन तरी वशिल्याशिवाय चढला होता का? नाही. तो 1728 मध्ये आरमारात शिरला आणि 1738 मध्ये, पंचविशीही गाठली नसताना, कॅप्टन झाला. मामा सर चार्ल्स वेजर तेव्हा ॲडमिरल्टीचे प्रमुख होते. तिथे 1677 पासून लेफ्टनंटपदासाठी परीक्षा होती, हे खरे. पण तिचेही फार कौतुक नको: 1777 मध्ये नेल्सनच्या परीक्षक मंडळावर त्याचे मामा सकलिंगच बसले होते. मामा भाच्याला वर चढवू शकत होता, जहाजे मात्र त्याच्या नावे करून देऊ शकत नव्हता. 1757 मध्ये वॉटसन कलकत्त्यात वारला तेव्हा त्याचा मुलगा जेमतेम सहा वर्षांचा होता. 1760 मध्ये त्या मुलाला बॅरोनेट हा किताब मिळाला. आरमार मात्र वॉटसनच्या मृत्यूबरोबरच त्याच्या हाताखालच्या जॉर्ज पोकॉककडे गेले होते, आणि तोही आपल्या कॅप्टन मामाचे बोट धरूनच समुद्रावर आला होता.