एक किलोमीटरची नीती

घर कशाजवळ घ्यावं याबद्दल आमच्या घराण्यात पूर्वी एकमत होतं. वडिलांनी सदाशिव पेठेत बिऱ्हाड केलं ते मंडई जवळ म्हणून. मी त्याच पेठेत फ्लॅट घेतला तो वडील जवळ म्हणून. (सौ.च्या मते नेमकं हेच कारण लांब जायलाही पुरेसं होतं.) शाळा कोणी पाहिलीच नाही. शाळा म्हणजे टपालपेटी. कोपऱ्यावर असेल तिच्यात पोराला टाकायचं आणि पोचेल कुठेतरी असं समजायचं. मीही असाच पोचलो.

आता नात चार वर्षांची झाली आणि चिरंजीवांनी बाणेरला एका नामांकित शाळेच्या भिंतीला लागून घर भाड्यानं घेतलं. एका वर्षाच्या भाड्यात माझ्या वडिलांनी तीन मुली उजवल्या असत्या.

मी अर्थातच तात्त्विक मुद्दा काढला. म्हटलं, "अरे, कोठारी आयोगानं 1966 साली शेजारशाळा सांगितली होती. वस्तीतली सगळी मुलं वस्तीतल्याच शाळेत. डॉक्टरचं आणि झाडूवाल्याचं पोर एका बाकावर बसलं, म्हणजे छप्पर गळायला लागलं की डॉक्टरच ओरडेल! आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक तर आपल्या कोल्हापूरकडचे."

"मग बाबा, मला का नाही घातलंत कोपऱ्यावरच्या शाळेत?"

वास्तविक हा प्रश्न त्यानं आईला विचारायला हवा होता. तेव्हा तिथे एक वर्ग गळत होता म्हणून आम्ही त्याला नदीपलीकडच्या शाळेत घातलं. त्या वर्षी आमच्या वाड्यातून आणखी तिघं गेली. छप्पर गळतच राहिलं. ओरडणारे सगळे नदीपलीकडे! पण स्वतःचं पोर गळक्या छपराखाली बसवून समाज सुधारावा, एवढी छाती कोणाची आहे? निदान माझी तरी नव्हती.

हे सगळं स्वयंपाकघरातून आमच्या पोळ्यांच्या बाई ऐकत होत्या. त्या राहतात दांडेकर पुलाकडे. त्यांचा नातू यंदा पहिलीला. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यानं खासगी शाळांतही पहिल्या पायरीवरच्या 25 टक्के जागा दुर्बल आणि वंचित घरांतल्या मुलांसाठी ठेवल्या आहेत. (2024 साली सरकारनं नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला यातून सूट दिली होती. त्याच वर्षी जुलैत उच्च न्यायालयानं तो बदल रद्द केला.) पण तिथेही एक किलोमीटर आहेच: आधी शाळेपासून तेवढ्या अंतरातली मुलं, मग लांबची. अर्जात घर नकाशावर दाखवावं लागतं. बाईंना हवी ती शाळा आमच्या गल्लीमागे, आणि त्यांची खोली निघाली सव्वा किलोमीटरवर.

दुसऱ्या दिवशी कणीक मळता मळता त्या म्हणाल्या, "काका, तुमच्या मागच्या खोलीचा भाडेकरार मुलाच्या नावानं करून द्याल का?"

"म्हणजे खोटा?"

"दादांनी नाही का शाळेसाठी घर केलं?"

"अहो, पण ते तिथे खरोखर राहतात!"

"पैसे आहेत म्हणून खरोखर राहतात," बाई म्हणाल्या. रागानं नाही, मीठ कमी पडलंय असं सांगावं तशा.

मी आयुष्यभर खोटी सही केली नाही, याचा मला बराच अभिमान आहे. तशी वेळच आली नव्हती, हे त्या क्षणी प्रथम ध्यानात आलं. तरी मी सांगितलं, की पडताळणीत सापडलं तर पोराचाच प्रवेश जाईल. हे खरं होतं, आणि माझ्या सोयीचंही होतं.

बाईंनी पोळी उलटली. "मग खोटं कशाला? खरंच येतात की ती तिघं राहायला. खोली रिकामीच आहे ना?"

"विचार करून सांगतो," मी म्हटलं. सौ.नं एकदम पेपर वाचायला घेतला. तोही कालचा.

अर्जाची मुदत अजून दहा दिवस आहे. मागच्या खोलीत सध्या नातीची तीनचाकी सायकल, दोन मोडक्या खुर्च्या आणि रद्दीवाल्याकडून हौसेनं आणलेला कोठारी आयोगाचा अहवाल आहे.