सुरुंगवाल्याने वाचवलेलं बंदर

२६ जून १९४४ या दिवशी हिटलरने वाल्टर हेनेके नावाच्या नौदल अधिकाऱ्याला नाइट्स क्रॉस दिला. जर्मन सैन्यात हा फार मोठा मान. तो मिळवण्यासाठी हेनेकेने शत्रूचं जहाज बुडवलं नव्हतं, की वेढ्यात सापडलेल्या आपल्या माणसांची सुटकाही केली नव्हती. त्याने फ्रान्समधल्या शेरबूर शहराचं बंदर निकामी केलं होतं. धक्क्यांना सुरुंग लावले, क्रेन मोडून टाकल्या, गोदीत जहाजं बुडवली, पाण्याखाली सुरुंग पेरले. अटलांटिक ओलांडणाऱ्या प्रवाशांसाठी १९३३ साली उघडलेलं तिथलं देखणं बंदर-स्थानक उडवून त्याचे दगड गोदीत ढकलून दिले. पदक मिळालं त्याच दिवशी हेनेके अमेरिकनांच्या कैदेत गेला. शहर हाती आलं, पण त्या बंदरात माल उतरवायला अमेरिकनांना जुलैचा मध्य उजाडला.

यामागचा हिशेब सरळ होता. ६ जूनला दोस्तांचं सैन्य नॉर्मंडीच्या वाळूवर उतरलं. लाखो माणसांना रोज अन्न लागतं, पेट्रोल लागतं, तोफगोळे लागतात; ते सगळं वाळूवर किती दिवस उतरवणार? म्हणून त्यांनी इंग्लंडहून काँक्रीटचे भलेमोठे ठोकळे ओढत आणून दोन तात्पुरती बंदरं उभी केली, आणि १९ जूनच्या वादळाने त्यातलं अमेरिकनांचं बंदर मोडून टाकलं. आता त्यांना खरं बंदर हवं होतं. ते त्यांना मिळू नये, ही जर्मनांची चिंता होती. उतरणारं सैन्य अडवता आलं नाही तर बंदर तरी शाबूत सोडायचं नाही, असं ठरलेलं होतं. शेरबूरपासून खाली दक्षिणेपर्यंत किनाऱ्यावरच्या प्रत्येक मोठ्या बंदरासाठी असा बेत आखला गेला. पुढची पाळी ज्यांची होती, त्यात बोर्दो होतं.

बोर्दो समुद्रावर नाही. गारोन नदीने तिथे चंद्रकोरीसारखं वळण घेतलं आहे आणि समुद्र तिथून सुमारे शंभर किलोमीटर दूर आहे. भरतीचं पाणी नदीतून तिथवर चढतं, म्हणून जहाजंही चढतात. नदीकाठाने दहाएक किलोमीटर धक्के. त्यांना लागून अठराव्या शतकातल्या दगडी इमारती, मागे वाइनच्या व्यापाऱ्यांची शार्त्रों ही वस्ती, आणि नदीवर १८२२ साली खुला झालेला सतरा कमानींचा दगडी पूल. १९४० पासून शहर जर्मनांच्या ताब्यात होतं. उत्तरेच्या बाकालां भागात त्यांनी पाणबुड्यांसाठी काँक्रीटचा एवढा जाड आसरा बांधला की तो आजही हलवता आलेला नाही. (पश्चिमेला समुद्रकाठी लाकानो इथे त्या वर्षी आपलेही लोक होते. सुभाषबाबूंच्या पुढाकाराने जर्मनीत उभी राहिलेली हिंदी फौज किनाऱ्याच्या पहाऱ्यावर ठेवली होती. ऑगस्टच्या मध्याला ती तिथून हलली.)

बोर्दोच्या बंदरात हाइन्झ श्टालश्मिट नावाचा एक तरुण काम करत होता. १९१९ साली डॉर्टमुंडमध्ये जन्मलेला, म्हणजे तेव्हा चोवीस वर्षांचा. जर्मन नौदलात तो दुय्यम अधिकारी होता आणि त्याचं काम स्फोटकांचं. न फुटलेला बॉम्ब सापडला की तो निकामी करायचा, आणि काही उडवायचं असेल तर तेही त्यानेच. बोर्दोत येऊन त्याला तीनेक वर्षं झाली होती. शहराची भाषा त्याला कळू लागली होती, धक्क्यावरचे हमाल, कामगार ओळखीचे झाले होते.

१९४४ च्या ऑगस्टमध्ये त्याला हुकूम आला की सगळं बंदर उडवण्याची तयारी कर. महिनाअखेरीच्या आत धक्के, क्रेन, गोद्या, सगळं जायला हवं होतं.

धक्का उडवणं म्हणजे काय, हे मुंबईकराला वेगळं सांगावं लागत नाही. त्याच वर्षी १४ एप्रिलला व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजावरचा दारूगोळा पेटला. ते एकच जहाज होतं आणि तोही अपघात. तरीही गोदीमागच्या वस्त्या जळाल्या, शेकडो माणसं मेली, आग विझवायला गेलेले अग्निशामक दलाचे ६६ जवान परत आले नाहीत. बोर्दोत तर मैलोगणती धक्क्यांवर, मोजून-मापून, मुद्दाम ठेवलेले स्फोट व्हायचे होते, आणि धक्क्याच्या रस्त्यापलीकडे लगेच माणसांची घरं होती. किती जीव गेले असते याचे अंदाज पुढे हजारांत केले गेले.

श्टालश्मिटने हुकूम ऐकला आणि तयारीला लागला. इथेच या गोष्टीतला पेच सुरू होतो. त्याला हे मान्य नव्हतं. युद्ध हरल्यात जमा आहे, आता हे बंदर उडवून जर्मनीच्या पदरात काही पडणार नाही, मग एवढं शहर विनाकारण का मारायचं, असं त्याचं म्हणणं होतं. पुढे आयुष्यभर तो हेच सांगत राहिला. आपल्या ख्रिस्ती श्रद्धेचाही तो उल्लेख करी. पण मान्य नसलेल्या माणसाने करायचं काय? नाही म्हणावं, तर त्याला गोळी घालून दुसरा सुरुंगवाला आणला असता. पळून जावं, तरी तेच. दोन्हीत त्याचे स्वतःचे हात स्वच्छ राहिले असते आणि बंदर मात्र ठरल्या दिवशी उडालं असतं. आपण बाजूला झालो की आपल्यावरची जबाबदारी संपली, असं मानणारी पुष्कळ भली माणसं असतात. श्टालश्मिटला ती पळवाट पुरेशी वाटली नाही. हा बेत कशावर उभा आहे आणि कुठे मोडतो, हे बंदरात त्याच्याइतकं नेमकं जाणणारे थोडे होते. हे जाणत असणं हेच त्याच्या गळ्यात पडलेलं ओझं होतं.

मोडण्याची जागा कोणती, हे विहिरीवर सुरुंग लावणाऱ्या आपल्याकडच्या कुठल्याही माणसाला चटकन कळेल. खडकात भोक पाडून कितीही दारू ठासा, डिटोनेटर नसेल तर खडक जागचा हलत नाही. मोठा स्फोट घडवणारा मसाला एरवी थंड असतो. धक्का बसला तरी तो सहसा फुटत नाही, म्हणूनच तो गाड्या भरभरून वाहून नेता येतो. त्याला जागं करतो तो बोटभर लांबीचा डिटोनेटर. तो मात्र नाजूक आणि चिडका, म्हणून मसाल्यापासून लांब, वेगळा ठेवावा लागतो. बोर्दोचं बंदर उडवण्यासाठी जमवलेले असे हजारो डिटोनेटर शार्त्रोंमधल्या रू राझ या रस्त्यावरच्या एका भक्कम कोठारात ठेवले होते. धक्क्यांवर टनावारी मसाला पडून राहिला असता तरी चाललं असतं. हे एक कोठार गेलं की बेत गेला, कारण चहूबाजूंनी शत्रू येत असताना तेवढे डिटोनेटर पुन्हा मागवून आणायला वेळच उरला नव्हता.

ओळखीच्या कामगारांमार्फत त्याने फ्रेंच भूमिगतांशी संधान बांधलं. जर्मन गणवेशातला माणूस येऊन म्हणतो, तुमचं शहर वाचवायचंय, मला मदत करा. त्याच्यावर विश्वास ठेवायलाही धैर्य लागलं असणार, आणि ते त्यांनी दाखवलं. पण पहाऱ्यातलं कोठार उडवणारा जाणकार त्यांच्याकडे नव्हता. तेव्हा काम पुन्हा त्याच्याकडेच आलं. भूमिगतांनी एवढंच कबूल केलं की नंतर त्याला लपवू.

२२ ऑगस्टच्या संध्याकाळी त्याने रू राझच्या कोठारात स्फोटकं लावली, वात पेटवली आणि निघून गेला. कोठार उडालं. आवाज साऱ्या शहराने ऐकला.

आत आणि आजूबाजूला जर्मन सैनिक होते. त्यातले निदान पंधरा मेले. काही ठिकाणी आकडा पन्नासपर्यंत सांगितला जातो. ते त्याच्याच देशाचे होते, त्याच्याच बाजूने लढत होते. हे सैनिक मरतील हे त्याला आधी माहीत नसेल, असं मी म्हणणार नाही. स्फोटकांचा जाणकार होता तो. त्याने एका पारड्यात शहर ठेवलं, दुसऱ्यात ही माणसं, आणि निवड केली. ती बरोबर होती असं मला वाटतं. पण बरोबर निवड करणाऱ्याचे हात कोरडे राहतात, हा समज या गोष्टीपुढे टिकत नाही.

त्यानंतरचे दिवस तो भूमिगतांशी संबंध असलेल्या एका फ्रेंच कुटुंबात लपून राहिला. सापडला असता तर काय झालं असतं, ते उघड आहे. त्याच्यामुळे ते कुटुंबही मेलं असतं.

इकडे जर्मन सेनाधिकाऱ्यांपुढे प्रश्न पडला. बंदर उडवण्याचं साधन हातून गेलेलं, माघारीचा रस्ता दिवसेंदिवस आवळत चाललेला. ते आणि भूमिगत यांच्यात बोलणी झाली. आम्हाला सुखरूप जाऊ द्या, आम्ही बंदराला आणि पुलाला हात लावत नाही, असं ठरलं. त्या अधिकाऱ्यांतही असे लोक होते ज्यांना बंदर उडवण्याची फारशी हौस नव्हती. त्यांचंही श्रेय नाकारू नये. २७ ऑगस्टच्या रात्री जर्मन सैन्य बाहेर पडलं आणि २८ ला बोर्दो मोकळं झालं. धक्के जागेवर होते. दगडी पुलाच्या सतराही कमानी जागेवर होत्या.

पुढचं मात्र फारसं कुणी सांगत नाही, आणि मला तर तेच सर्वांत महत्त्वाचं वाटतं. वाचलेलं हे बंदर दोस्तांच्या कामी आलंच नाही. नदीच्या मुखावर र्‍वायां आणि समोरच्या काठावर जर्मन तुकड्या ठाण मांडून बसल्या होत्या. बोर्दो सोडून जाताना जर्मनांनी नदीत जहाजंही बुडवली होती. मुख मोकळं व्हायला १९४५ चा एप्रिल उजाडला, तोवर युद्ध संपत आलं होतं. म्हणजे ज्या भीतीपोटी बोर्दोचं बंदर उडवायचं होतं, की शत्रू इथे माल उतरवील, ती भीती बंदर शाबूत राहूनही खरी ठरली नाही. २६ ऑगस्टच्या सुमारास ते उडवलं असतं, तर शहर मेलं असतं आणि युद्धात तसूभरही फरक पडला नसता. हुकूम देणाऱ्याला हे ठाऊक असणं शक्य नव्हतं. म्हणून तर एखादी गोष्ट कायमची मोडून टाकायचा हुकूम येतो तेव्हा तो पाळणाऱ्याने थांबून विचार करायला हवा. भीती महिनाभरात ओसरते. मोडलेलं शहर पुन्हा उभं करायला पिढी जाते, आणि मेलेली माणसं परत येत नाहीत.

श्टालश्मिट जर्मनीला परत गेला नाही. तिथे तो फितूर ठरला होता. १९४७ साली त्याने फ्रान्सचं नागरिकत्व घेतलं, आंरी साल्मीद हे नाव घेतलं, बोर्दोच्याच मुलीशी संसार केला आणि नोकरी धरली ती त्याच बंदरात, अग्निशामक दलात. जे धक्के उडवण्याचा हुकूम त्याला झाला होता, तिथे आग लागली तर विझवायची, हे त्याचं पुढच्या आयुष्यातलं काम.

फ्रान्सनेही त्याला डोक्यावर घेतलं असं नाही. भूमिगत लढ्याच्या फ्रेंच कथेत जर्मन गणवेशातला नायक बसत नव्हता. शहर आपल्याच लोकांनी वाचवलं, हे ऐकणं सगळ्यांना सोयीचं होतं. हेनेकेला पदक हातोहात मिळालं होतं. साल्मीद यांना लिजन ऑफ ऑनर मिळायला २००० साल उजाडलं; तेव्हा ते ऐंशी वर्षांचे होते. २००७ मध्ये युनेस्कोने बोर्दोचं जुनं शहर ‘चंद्राचं बंदर’ या नावाने जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. ते पाहायला साल्मीद हयात होते. फेब्रुवारी २०१० मध्ये बोर्दोतच ते वारले आणि तिथेच त्यांना पुरलं.

शाळेत मुलांना शौर्याच्या गोष्टी सांगणाऱ्या शिक्षकांना माझी एक विनंती आहे. पदकं मिरवणाऱ्या सेनापतींच्या रांगेत या सुरुंगवाल्यालाही जागा द्या. त्याची गोष्ट सांगाल तेव्हा रू राझच्या कोठारात मेलेले सैनिक मात्र वगळू नका. मुलं त्यांच्याबद्दल विचारतील, आणि त्या प्रश्नावर वर्गात थोडा जास्त वेळ गेला तरी जाऊ द्या.