झगा आला, योसेफ आला नाही

शास्त्रभाग : उत्पत्ति 37:31–35, 40:14, 23



योसेफाच्या भावांनी त्याचा झगा बापाकडे पाठविला, तेव्हा योसेफ मेला असे त्यांनी तोंडाने सांगितले नाही. त्यांनी रक्ताने भिजलेले वस्त्र पुढे केले आणि हे ओळखता काय, एवढेच विचारिले. अनुमान म्हाताऱ्याने आपल्या मनाने बांधिले. मग सर्व पुत्र व कन्या त्याचे सांत्वन करावयास बसल्या आणि त्याने ते सांत्वन नाकारिले. यावरून याकोबास अल्पविश्वासी ठरविणारे उपदेश मी ऐकिले आहेत; मला ते पटत नाहीत. त्याने प्रेत पाहिले नव्हते, हाताने माती दिली नव्हती, आणि सांत्वन करणाऱ्यांत तर खरे काय ते ठाऊक असलेलेच बसले होते. असल्या सांत्वनाने बापाचे अंतःकरण निवले नाही, यात नवल ते काय? ज्याच्यासाठी तो गोणपाट नेसून बसला होता, तो मुलगा त्या वेळी मिसर देशात जिवंत होता.

हा शास्त्रभाग घेण्याचे कारण असे की, युद्धात शत्रूच्या हाती सापडलेल्या व बेपत्ता झालेल्या शिपायांसाठी येत्या 5 डिसेंबरच्या सायंकाळी दिग्रस येथे मेणबत्त्या लावून प्रार्थनासभा भरविण्याचे आमच्या मंडळीने योजिले आहे. तयारीसाठी बसलो असता जे प्रश्न निघाले, ते केवळ मेणबत्त्या किती आणाव्या एवढेच नव्हते. म्हणून खेड्यापाड्यांतील उपदेशकांसाठी हे लिहीत आहे.

प्रथम, हे शिपाई कोण? 1971 च्या डिसेंबरात पाकिस्तानाशी युद्ध झाले. त्यात धरले गेलेले आपले पुष्कळ लोक 1 डिसेंबर 1972 रोजी वाघा सरहद्दीवरून परत आले. फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर त्यांच्यापैकीच. त्याच वर्षीच्या ऑगस्टात ते दोघा सोबत्यांसह रावळपिंडीच्या कैदेतून निसटून थेट लंडी कोतलपर्यंत पोहोचले होते व तेथे पुन्हा पकडले गेले. परंतु कित्येक आलेच नाहीत. अशा 54 जणांची यादी आहे. पाकिस्तानने मात्र त्यांच्यापैकी कोणी आपल्याकडे असल्याचे नाकारिले आहे. 2007 साली चौदा नातलगांस तेथील तुरुंग पाहू दिले. त्यांनाही आपले माणूस सापडले नाही.

त्या यादीत फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे हे एक नाव आहे. 5 डिसेंबर 1971 रोजी ते विमान घेऊन गेले ते परतले नाहीत. त्या वेळी पाकिस्तानातील एका इंग्रजी वर्तमानपत्रात धरलेल्या वैमानिकांची नावे आली, त्यांत त्यांच्या आडनावासारखे एक नाव होते. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, अर्जुन पुरस्कार मिळविलेल्या. लग्नास दोन वर्षेही झाली नव्हती. पुढे वर्षांमागून वर्षे त्या सरकारदरबारी विचारीत राहिल्या. वर्तमानपत्रातील ते नाव म्हणजे त्यांच्या घरी आलेला झगाच होय. त्यावरून जिवंत म्हणावे तर माणूस नाही, मेला म्हणावे तर माती नाही.

आता आमचा पहिला वाद सांगतो. कोणी सुचविले की, शिपायांच्या तसबिरी मांडून त्यांस हार घालावे. सूचना भक्तिभावाची होती. तथापि ती मी मान्य केली नाही. आपल्या वऱ्हाडातील कोणतेही लेकरू सांगेल की, भिंतीवरच्या तसबिरीस हार आहे याचा अर्थ माणूस गेले. ज्याच्या आईने अजून तसा हार घातला नाही, त्याला आपण परक्यांनी तो घालावा काय? एखाद्याची सात वर्षे काही वार्ता नसेल तर त्यास मृत धरावयास कायदा मोकळीक देतो, आणि कज्जेखटल्यांसाठी ते योग्यच आहे. मंडळीने मात्र कायद्याच्या पुढे धावू नये. तसबिरी राहतील, हार राहणार नाहीत. आणि मूठमातीच्या वेळी आपण जी गीते गातो, त्यांपैकी एकही त्या रात्री गाइले जाणार नाही.

दुसरी हरकत अधिक खोल होती व ती एका वयोवृद्ध वडिलांनी घेतली. आपण मेलेल्यांसाठी प्रार्थना करीत नाही. मग पन्नासांहून अधिक वर्षे लोटल्यावर ही प्रार्थना कोणासाठी? त्यांनी हे विचारिले याचा मला आनंद झाला, कारण न समजता लावलेला दिवा हा नुसता देखावा होय. माझे उत्तर असे. आपण मृतांसाठी मागत नाही. ज्याचा ठाव आपणांस नाही पण देवास आहे, त्याचे नाव देवापुढे घेतो. तो बंदीत असेल तर त्यास धीर मिळो. ज्या घरी वाट पाहणे चालू आहे, त्या घराला सत्य कळो. "परत येईलच" असे मात्र कोणत्याही उपदेशकाने त्या रात्री बोलू नये. देवाच्या नावाने असे वचन देण्याचा अधिकार आपणांस नाही. धुळे जिल्ह्यातील जवान चंदू चव्हाण 2016 च्या सप्टेंबरात सरहद्दीपलीकडे गेले व पकडले गेले. ती बातमी ऐकून त्यांच्या आजीने प्राण सोडला. पुढच्या जानेवारीत ते सुखरूप परत आले. तिला चारच महिने धीर देणारे कोणी भेटते तर! असो.

योसेफाने बंदिशाळेत प्यालेबरदारांच्या नायकापाशी पैसा मागितला नाही, की पळून जाण्यास मदत मागितली नाही. फारोजवळ माझी गोष्ट काढा, इतकेच मागितले. नायक सुटला आणि विसरला. दोन वर्षे गेली. योसेफाच्या बाबतीत शास्त्राने त्याच्यावर दुसरा कोणताच आरोप ठेविला नाही. पण तेवढ्या विसरण्याने एक निरपराधी दोन वर्षे अंधारात राहिला. पुढे त्याने गोष्ट काढिली तेव्हाच दार उघडले.

म्हणून सभेत नावे वाचावयाची आहेत, संख्या नव्हे. यामागे जुने दुःख आहे. 29 एप्रिल 1916 रोजी इराकातील कुत येथे पुणे डिव्हिजनने तुर्कांपुढे शस्त्रे ठेविली. त्यांत 103, 110 व 117 या मराठा पलटणी होत्या. सुमारे तेरा हजार लोक कैदेत गेले, उन्हातून वाळवंट तुडवीत चालविले गेले, आणि पुष्कळांस वाटेतच मरण आले. बसरा येथील स्मारकावर अधिकाऱ्यांची नावे कोरिली. साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणीखाली नुसती संख्या कोरिली. कोण्या कुणब्याचा मुलगा तो, कोण्या महाराचा, दगडास ठाऊक नाही. आमच्या सभेत 54 नावे एकेक करून, सावकाश वाचली जातील. वेळ लागेल, लागू द्यावा.

तरुणांपैकी काहींना पाकिस्तानाविरुद्ध घोषणाही हव्या होत्या. त्यांस मी आठवण दिली की, त्याच युद्धात आपल्या हाती सुमारे 93,000 कैदी आले होते व 1974 पर्यंत ते घरी पाठविले गेले. त्यांच्याही आया वाट पाहत होत्या. 2008 च्या करारान्वये दोन्ही देशांनी दर 1 जानेवारीस व 1 जुलैस आपापल्या तुरुंगांतील परक्या कैद्यांच्या याद्या एकमेकांस द्यावयाच्या असतात. त्यांत पुष्कळसे गरीब कोळी असतात, समुद्रात न दिसणारी सीमा चुकून ओलांडलेले. मी बंदिशाळेत होतो, असे जो प्रभु शेवटल्या दिवशी म्हणणार आहे, त्याने कोणत्या देशाच्या, ते सांगितले नाही. यास्तव एक मेणबत्ती त्या कैद्यांसाठी वेगळी लाविली जाईल. हे ऐकून दोघे तरुण उठून गेले. ते सभेस यावे अशी माझी प्रार्थना आहे.

आता व्यवस्थेविषयी. दिवस कापूस वेचणीचे आहेत, म्हणून सभा दिवे लागणीनंतर, मजूर घरी येऊन भाकर खाऊन झाल्यावर सुरू होईल. मेणबत्ती विकत घेणे ज्यांस जड जाईल त्यांनी घरची पणती किंवा कंदील आणावा. मेणबत्तीच हवी असा आग्रह नाही. नावे वाचणाऱ्यांनी ती आधी दोन-तीनदा मोठ्याने वाचून पाहावी. पंजाबी व मद्रासी नावे अडखळत वाचणे हा त्यांच्या घरच्यांचा अपमान होईल. सभा संपल्यावर दिवे फुंकू नयेत. ज्याने त्याने आपला दिवा ओंजळीत धरून घरी न्यावा व उंबरठ्यापाशी ठेवावा. तेल असेल तोवर तो जळेल.